तीस हजारांत कॅमेरा: बॉडी सगळ्यात शेवटी ठरवा

दिवाळीच्या आधी मला ठरलेला फोन येतो: "पंचवीस-तीस हजार आहेत, कुठली बॉडी घेऊ?" दिवाळीनंतर त्याच माणसाचा दुसरा फोन येतो: "बॉडी घेतली, पण हॉलमधले फोटो अजून काळपटच येतात. आता लेन्सला पैसे कुठून आणू?" घेतलेलं मॉडेल बहुतेकदा ठीकच असतं, क्रम चुकलेला असतो. आधी काम, मग लेन्स, मग माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची कडी) आणि उरलेल्या पैशांत बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, असं चाललं तर दुसरा फोन करावा लागत नाही.

या रकमेत बॉडी बहुधा सेकंडहँडच मिळणार, म्हणून निम्मा लेख ती तपासण्यावर आहे. भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळे मॉडेलनिहाय किमती दिलेल्या नाहीत. त्या घेण्याच्या आठवड्यात चार ठिकाणी विचारूनच कळतात.

## टप्पा १: फोन कुठे कमी पडला ते लिहून काढा

गेल्या वर्षभरातले मनासारखे न आलेले वीस-पंचवीस फोटो फोनमधून काढा आणि प्रत्येकासमोर एका शब्दात कारण लिहा: हलला, अंधार, लांब, सगळंच स्पष्ट, फोकस चुकला. यादीत जो शब्द सगळ्यात जास्त वेळा येईल, तो तुमचा कॅमेरा ठरवणार.

"लांब" जास्त असेल (भिगवणचे रोहित पक्षी, मैदानावरचं क्रिकेट) तर पैसा लांब पल्ल्याच्या लेन्सकडे जातो. "अंधार" आणि "हलला" जास्त असतील (हॉलमधलं लग्न, रात्रीची मिरवणूक, दिव्याखालची कबड्डी) तर मोठ्या अॅपर्चरच्या (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या) लेन्सकडे. कारणं व्हिडिओची असतील तर माइकची खाच आणि व्हिडिओतला ऑटोफोकस आधी बघायचा, बाकी सगळं नंतर.

तपासा: फोन भर दुपारीच वापरत असाल आणि यादीत पाच-सहाच फोटो आले, तर इथेच थांबा. पैसे वाचले.

## टप्पा २: पैशांची वाटणी कागदावर करा

तीस हजार म्हणजे बॉडीला तीस हजार नव्हेत. माझी वाटणी साधारण अशी असते:

- बॉडी: १५ ते १६ हजार
- लेन्स: ९ ते १० हजार
- कार्ड, जादा बॅटरी, ब्लोअर (धूळ उडवायचा हवेचा फुगा), हवाबंद डबा: ३ हजार
- साफसफाई किंवा किरकोळ दुरुस्तीसाठी राखीव: दीड-दोन हजार

शेवटची ओळ लोक हमखास खोडतात. सेकंडहँड वस्तूत काहीतरी निघतंच. बॅटरी दमलेली असते, सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) डाग असतात किंवा ग्रिपचं रबर सुटलेलं असतं. ही रक्कम हाताशी नसली की तेवढ्यासाठी कॅमेरा महिनाभर कपाटात पडतो.

इशारा: दुकानात बॅग, ट्रायपॉड आणि कार्ड "फ्री" मिळतं तेव्हा ते बॉडीच्या भावात धरलेलं असतं. त्याच्याशिवाय भाव किती, हा प्रश्न आधी विचारा.

## टप्पा ३: लेन्स ठरवा

किट लेन्स (बॉडीसोबत येणारी साधी झूम लेन्स) झूम करून ५५ मिमीवर नेली की तिचं अॅपर्चर एफ/५.६ असतं. ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. हॉलमध्ये किट लेन्सवर १/५० सेकंदाला मिळणारा फोटो या लेन्सवर १/५०० च्या आसपास मिळतो. पहिल्यात नवरदेव मुंडावळ्या नीट करतो तोवर हात धुरकट होतो, दुसऱ्यात बोटं मोजता येतात. एवढा फरक बॉडी बदलून मिळत नाही. लागोपाठच्या दोन पिढ्यांच्या सेन्सरमध्ये एका स्टॉपचाही (म्हणजे दुप्पट प्रकाशाइतकाही) फरक मुश्किलीने असतो.

कॅननला ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, निकॉनला ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स, या दोन्ही स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या लेन्स. या रकमेतल्या बॉडींच्या लहान सेन्सरवर ५० मिमी लेन्सचं दृश्य ७५ ते ८० मिमीसारखं अरुंद होतं. घरातल्या खोलीत पाठ भिंतीला लागते, म्हणून घरातले कार्यक्रम जास्त असतील तर ३५ बरी. पक्ष्यांसाठी कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० या वर्गातली लेन्स बघा. त्यापलीकडच्या लेन्सचा विचार या रकमेत करू नका.

## टप्पा ४: माउंट ठरवा

बॉडी पाच वर्षांत विकली जाते, लेन्स मागे राहतात. म्हणून खरी निवड माउंटची असते, आणि सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात.

कॅनन ईएफ. लेन्स भरपूर, दुरुस्ती करणारे गावोगाव. पुढे कॅननचा आर मालिकेतला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलात तर अॅडॉप्टर लावून याच लेन्स ऑटोफोकससकट चालतात. लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स मात्र ६डी किंवा ५डीसारख्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर, बसत नाहीत.

निकॉन एफ. इथे दोन खड्डे आहेत. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. डी७००० मालिकेत मोटर आहे. दुसरा खड्डा याच्या उलट दिशेचा: नव्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० आणि खुद्द डी७००० वर फोकसच होत नाहीत, हातानेसुद्धा नाहीत. लेन्स बसते, फोटो निघतो आणि सगळं धूसर येतं. लेन्स खराब निघाली म्हणून ती परत करायला गेलेले लोक मी पाहिलेत.

सोनी ई. ए६००० ही २०१४ ची बॉडी अजूनही चांगली आहे, पण एका बॅटरीत साडेतीनशेच्या आसपास फोटो निघतात. निकॉन डी५६०० चा अधिकृत आकडा ९७० आहे. लग्न करायचं असेल तर दोन जादा बॅटऱ्या हिशेबात धरा. जपानहून आलेल्या सोनी बॉडींचीही चौकशी करा: तिथल्या देशी बाजारासाठीच्या बॉडीत मेन्यू फक्त जपानीत असतो आणि तो बदलता येत नाही.

कॅनन ईएफ-एम. एम५० स्वस्तात दिसतो आणि हातात छान बसतो. पण कॅननने ही मालिका बंद केली आहे आणि या लेन्स आर मालिकेवर बसत नाहीत. किट लेन्सवरच समाधान असेल आणि व्हिडिओच करायचा असेल तरच घ्या.

इशारा: जुनी फुल फ्रेम बॉडी (५डी मार्क टू, डी६००) तुमच्या आवाक्यात आलेली दिसेल. हात आखडता घ्या. तिला साजेशी एक झूम लेन्स तुमचं सगळं बजेट खाईल. डी६०० च्या सेन्सरवर शटरमधून (सेन्सरसमोर उघडणाऱ्या पडद्यातून) उडालेले डाग पडायचे आणि निकॉनला त्यासाठी मोफत सेवा जाहीर करावी लागली होती, ते वेगळंच.

## टप्पा ५: आता तीन बॉडींची यादी करा

तीनच. दहा मॉडेलांची तुलना करणारा माणूस शेवटी अकरावं घेतो.

मेगापिक्सेलवर भांडू नका. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान घ्या: १८ मेगापिक्सेलच्या फोटोतून दर इंचाला २८८ पिक्सेल मिळतात. तेवढे पुरून उरतात. यादी चाळताना बघायचं ते हे:

व्हिडिओ करायचा असेल तर कॅननमध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस हवाच. तो २०१३ च्या ७०डी मध्ये पहिल्यांदा आला. ८०डी, ८००डी आणि २००डी मध्ये आहे. ७००डी, ७५०डी, १३००डी, १५००डी मध्ये नाही. माइकची खाच १३००डी, १५००डी, ३०००डी, निकॉन डी३४००, डी३५०० आणि सोनी ए६००० मध्ये नाही. गंमत म्हणजे त्याआधीच्या डी३३०० मध्ये ती आहे. नवं मॉडेल म्हणजे जास्त सोयी, असं धरून चाललात तर इथेच फसाल.

बाहेरचा फ्लॅश वापरणार असाल तर हॉट शूकडे (बॉडीच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेकडे) बघा. २००डी मार्क टू मध्ये कॅननने मधला गोल संपर्कबिंदू काढून टाकला. स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवायचं यंत्र) त्याच बिंदूवर चालतात, त्यामुळे ते तिथे पेटत नाहीत.

फोटोच काढायचे असतील तर माझं मत सरळ आहे: जुनी पण वरच्या श्रेणीतली बॉडी घ्या, उदाहरणार्थ निकॉन डी७१०० किंवा कॅनन ७०डी. सेटिंग बदलायची दोन चक्रं असतात, व्ह्यूफाइंडर मोठा असतो आणि लेन्सचा फोकस थोडा मागेपुढे पडत असेल तर मेन्यूतून दुरुस्त करता येतो. ७००डी, २००डी किंवा डी५००० मालिकेत ही दुरुस्तीची सोय नाही.

## टप्पा ६: जाण्यापूर्वीची तयारी

सोबत न्यायच्या वस्तू: स्वतःचं फॉरमॅट केलेलं कार्ड, लॅपटॉप आणि यूएसबी केबल, शक्य असेल तर ओळखीच्याची चांगली चालणारी लेन्स, ब्लोअर, कोरा पांढरा कागद आणि आजचं वर्तमानपत्र.

विकणाऱ्याकडून आधीच एक न बदललेला जेपेग ईमेलवर किंवा ड्राइव्हवर मागवा. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर त्यातली माहिती गळून जाते. निकॉनच्या फाइलीत शटर किती वेळा उघडलं तो आकडा सापडतो. कॅननच्या बहुतेक बॉडींना लॅपटॉप जोडूनच तो काढावा लागतो.

इशारा: "बदली झाली आहे, कॅमेरा कुरिअरने पाठवतो, आगाऊ पाच हजार टाका" असं म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच संपवा. कॅमेरा हातात घेऊन बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी.

## टप्पा ७: तपासणी, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण बॉडी एकदा सुरू केली की आपण स्क्रीनकडे बघत बसतो आणि बाहेरचं बघायचं राहतं.

१. बंद बॉडी, लेन्सशिवाय. ती उलटी करून तळाचे स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेची कड चकाकत असेल तर ती आधी उघडलेली आहे. ट्रायपॉडच्या भोकात किंवा हॉट शूच्या पट्टीवर गंज म्हणजे पाऊस किंवा समुद्र. बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पट्ट्या बघा. त्या हिरवट असतील तर कॅमेरा विकणाऱ्याच्या हातात द्या आणि चहाला जा. पुढे काही बघायचं उरत नाही.

२. माउंट आणि आरसा. माउंटची कडी सगळीकडे सारखी घट्ट हवी. आरशावर धूळ असली तर हरकत नाही, ती फोटोत येत नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या ठिपक्यांचंही तसंच. विकणारा मात्र तिथे बोट घालून पुसू लागला तर त्याला थांबवा.

३. शटरचा आकडा. ७००डी आणि ८०डी च्या शटरची कंपनीने सांगितलेली क्षमता १ लाख, निकॉन डी७१०० आणि डी७२०० ची दीड लाख. ही हमी नव्हे, अंदाज आहे. निम्म्याच्या आत असेल तर बिनधास्त, पाऊणच्या पुढे असेल तर भाव खाली.

दोन वर्षांपूर्वी भाच्यासाठी मुंबईत फोर्टला बोरा बाजारात फिरत होतो. एका विक्रेत्याने ७००डी पुढे ठेवला आणि म्हणाला, "फक्त आठ हजार फोटो झालेत, हे बघा." स्क्रीनवर फाइलचं नाव होतं आयएमजी_८१२४. हा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, त्यामुळे तो शटरचा पुरावा होतच नाही. त्या बॉडीच्या ग्रिपचं रबर अंगठ्याच्या जागी साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं. भाच्याने लॅपटॉप जोडला, आकडा नव्वद हजारांच्या वर निघाला. विक्रेता शांतपणे म्हणाला, "मग तीन हजार कमी द्या." आम्ही निघालो, पण खरं सांगायचं तर चार हजार म्हणाला असता तर मी थांबलो असतो.

४. शटरचा वेग. पांढऱ्या भिंतीचे १/४००० ला पाच-सहा फोटो काढा. फोटोच्या एका कडेला काळपट पट्टा दिसला तर शटर थकलंय. मग सलग फोटोंच्या मोडवर बटण दाबून ठेवा आणि आवाज ऐका. मध्येच अडखळला तर पुन्हा करून खात्री करा.

५. सेन्सर. पांढरा कागद खिडकीशी धरा, एफ/१६ करा, फोकस मुद्दाम बिघडवून फोटो घ्या. काळे ठिपके म्हणजे धूळ. ब्लोअरने उडाली तर उत्तम, नाहीतर साफसफाईचे पैसे कापून घ्या. केसासारखी रेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी राहत असेल आणि ब्लोअरने हलत नसेल तर तो ओरखडाही असू शकतो. ती बॉडी सोडा. मग लेन्सचं टोपण लावून ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. दोन-चार रंगीत ठिपके चालतात, आकाशगंगा चालत नाही.

६. फोकस. वर्तमानपत्र टेबलावर आडवं ठेवा, तिरप्या कोनातून मधल्या ओळीवर मधला फोकसबिंदू रोखून एफ/१.८ ला फोटो घ्या. कुठली ओळ स्पष्ट आली ते मोठं करून बघा. पाच फोटोंत पाचही वेळा पुढची ओळ येत असेल तर फोकस सरकलेला आहे. कधी पुढे कधी मागे येत असेल तर बहुधा हात हलतोय.

७. बाकीचं. प्रत्येक बटण, प्रत्येक चक्र दोन्ही दिशांना. चक्र फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर आतला संपर्क झिजलाय. पॉप-अप फ्लॅश उडवून बघा. दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. व्हिडिओत शटर मोजलं जात नाही, त्यामुळे युट्यूबवाल्याची "कमी शटर"ची बॉडी आतून बरीच तापून निघालेली असू शकते.

तपासा: मेन्यूत कॉपीराइट किंवा मालकाचं नाव भरलेलं आहे का? ते विकणाऱ्यापेक्षा वेगळं असेल तर बिल दाखवायला सांगा. बिलावरचा क्रमांक आणि बॉडीच्या तळाचा क्रमांक एकच हवा. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, क्रमांक लिहिलेली पावती आणि सही घ्या. तेवढंही द्यायला तयार नसेल तर कॅमेरा त्याचा नाही असं समजा.

## टप्पा ८: नवाच घ्यायचा असेल तर

थोडक्यात तीन गोष्टी. जीएसटी बिलावर बॉडीचा क्रमांक छापलेला किंवा लिहिलेला हवा. वॉरंटी भारतातली आहे का ते कार्ड बघून ठरवा. "दुकानाची वॉरंटी" म्हणजे बहुधा ग्रे मार्केटचा, कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल. आणि नुसती बॉडी घेत असाल तर किट फोडून दिलेली आहे का ते विचारा. फोडलेली असली तर हरकत नाही, पण खोक्यावर लेन्सचं नाव आणि आत लेन्स नाही, असा माल पुढे विकताना त्रास देतो. भावही त्या हिशेबाने पाडून घ्या.

## टप्पा ९: पहिले सात दिवस

परत घेण्याची मुदत किती ते पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. घरी आल्यावर सेटिंग्ज मूळ स्थितीला न्या, जुन्या मालकाचं नाव पुसा, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) तपासा. मग मुदतीच्या आत निदान पाचशे फोटो काढा, त्यातले शंभर तरी तुमच्या यादीतल्या अवघड जागेत: हॉलमध्ये, रात्री, लांबून. बॅटरी पूर्ण भरून किती फोटो टिकते तेही याच आठवड्यात मोजा. कार्ड स्वस्तात घेतलं असेल तर ते एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइली उघडतात का बघा. नकली कार्डावर आकडा ६४ जीबीचा असतो, जागा मात्र त्याहून बरीच कमी निघते.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि चाळीस-पन्नास रुपयांचा नव्हे, जरा बरा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यात कोरडं करून परत वापरता येतं. तो तवा मात्र पोळ्यांचा नको.